फळबागेत करिअर करण्यासाठी सातबारा असावाच लागतो असे नाही

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वृत्तपत्रासह सर्वच दैनिकांच्या करिअरविषयक पुरवण्या सुरू होतात. अभियांत्रिकी, वैद्यकीय, सनदी लेखापाल, स्पर्धा परीक्षा आणि अलीकडे संगणकाच्या नवनव्या शाखा यांची माहिती त्यांत तपशीलवार येते आणि ती उपयुक्तही असते. कृषी पदवीचा उल्लेख एखाद्या चौकटीत होतो. परंतु उद्यानविद्या, म्हणजे फळझाडे, भाजीपाला, फुलझाडे आणि त्यांची रोपे वाढवण्याची विद्या, हा उपजीविकेचा स्वतंत्र मार्ग म्हणून त्या पानांवर मला क्वचितच दिसला आहे. महानगरांतल्या आवृत्तीत असे झाले तर एक वेळ समजू शकते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत वाचल्या जाणाऱ्या आवृत्तीतही तसेच व्हावे, याचे मात्र मला मनापासून वाईट वाटते. गेली काही वर्षे फळरोपवाटिकेच्या व्यवसायावर माझे घर चालते, म्हणून या विषयावर थोडे विस्ताराने लिहिण्याची परवानगी घेते.

खान्देशाला फळपिकांची ओळख करून देण्याची गरज नाही. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या तालुक्यांतली केळी रेल्वेने दिल्लीपर्यंत जाते आणि आता समुद्रापारही जाते. ‘जळगाव केळी’ आणि ‘जळगाव भरीत वांगी’ या दोहोंना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शहाद्याकडे पपई आहे, पाचोरा-भडगावकडे कागदी लिंबू आणि मोसंबी आहे, धडगावच्या डोंगरात कैऱ्या वाळवून आमचूर करणारी घरे आहेत. भवरलाल जैन यांनी जळगावातून ठिबक सिंचनाचा आणि ऊतिसंवर्धित, म्हणजे टिश्यू कल्चरच्या, केळीरोपांचा जो प्रसार केला, त्याने इथल्या शेतीचे रूपच पालटले, हे साऱ्यांना ठाऊक आहे. धुळ्याचे कृषी महाविद्यालय १९६० पासूनचे आहे, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे केळी संशोधन केंद्र जळगावात आहे, पाल येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. इतके सारे अंगणात असताना इथल्या मुलांना फळबागेतला रोजगार म्हटला की दोनच गोष्टी आठवतात: एक तर बापाची शेती, नाही तर कृषी खात्यातली नोकरी. ज्याच्याकडे पहिली नाही आणि ज्याला दुसरी मिळत नाही, तो या क्षेत्राकडे पाठ फिरवून पुणे-सुरतची गाडी पकडतो. माझा आक्षेप या समजुतीला आहे, आणि ती दूर करण्याची ताकद वृत्तपत्रांत आहे असे मला वाटते.

केळीचा एक घड बाजारात जाईपर्यंत किती हातांतून जातो, याचा विचार करून पाहावा. प्रयोगशाळेतल्या बाटलीतून आलेले बोटभर रोप उघड्या हवेत लगेच जगत नाही; त्याला आधी हरितगृहातल्या ट्रेमध्ये आणि मग शेडनेटखालच्या पिशवीत काही आठवडे ऊन, वारा आणि कोरडी हवा सोसायला शिकवावे लागते. या कामाला सगळे हार्डनिंग म्हणतात आणि त्यात चुकले तर हजारो रोपे एका दुपारीत माना टाकतात. पाच-सहा पानांवर आलेले रोप मृगबागेसाठी जून-जुलैत किंवा कांदेबागेसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरात शेतात जाते. पुढे ठिबकमधून विद्राव्य खते देणारा, बाग निसवल्यावर, म्हणजे घड बाहेर पडल्यावर, केळफूल वेळेवर मोडणारा, खालच्या अपुऱ्या फण्या कमी करणारा, घडाला पिशवी घालणारा, काढणीनंतर घडाला ओरखडा न पडू देता फण्या सुट्या करून धुणारा, १३ ते १४ अंश सेल्सिअस तापमान राखणारे शीतगृह सांभाळणारा, पिकवण केंद्रात माल पिकवणारा, अशी माणसांची रांग लागते. या रांगेतल्या बहुतेकांच्या नावावर गुंठाभरही जमीन नसते. त्यांच्याजवळ कसब असते आणि त्या कसबाला पैसे मिळतात. निर्यातीचा माल जसजसा वाढतो आहे तसतशी ही कामे जाणणाऱ्या माणसांची चणचण वाढते आहे, हे कुठल्याही पॅकहाउसवर, म्हणजे माल धुऊन खोक्यांत भरण्याच्या जागी, उभे राहून विचारले तरी कळेल.

माझे स्वतःचे उदाहरण देते, ते केवळ या म्हणण्याला पुरावा म्हणून. माझे वडील एस.टी.त वाहक होते. आमच्या घरात सातबारा हा कागद कधी नव्हताच. मी वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि गावाजवळच्या एका फळरोपवाटिकेत हिशेब लिहायच्या कामाला लागले. मजुरांची हजेरी, पिशव्यांचा खर्च, उधारीच्या नोंदी एवढाच माझा त्या झाडांशी संबंध होता. तिथे कलमे बांधणारे एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांना सगळे तात्या म्हणत. थंडीत मोसंबीचे डोळे भरण्याचा, म्हणजे तिच्या काडीवरचा अंकुर दुसऱ्या रोपावर बसवण्याचा, हंगाम सुरू झाला की ते खुंटरोपांच्या, म्हणजे ज्यांवर कलम बांधायचे त्या रोपांच्या, वाफ्यात सकाळी बसत ते दुपारच्या जेवणालाच उठत. मी नोंदवही घेऊन किती रोपे झाली हे विचारायला जाई आणि उभी राहून बघत राही.

ते काम जवळून पाहिलेल्या माणसाला विसरता येणार नाही. जंबेरी या लिंबाच्या जातीच्या, पेन्सिलएवढ्या जाड झालेल्या खुंटावर, जमिनीपासून वीतभर उंचीला, तात्या आधी कापडाने साल पुसून घेत. मग एक आडवी आणि तिच्या मधोमध एक उभी चीर देत. चीर फक्त सालीपुरती, आतल्या लाकडाला चाकू लागता कामा नये. चाकूच्या मागच्या बोथट टोकाने सालीचे दोन्ही पदर अलगद उचलले की आत ओलसर, पांढरट, गुळगुळीत लाकूड दिसे. साल अशी सहज सुटली तर रोपात रस खेळतो आहे असे समजायचे. ओढून काढावी लागली तर त्या दिवशी त्या रोपाला हात लावायचा नाही. दुसऱ्या हातातल्या डोळकाडीवरून ढालीच्या आकाराचा, जेमतेम इंचभराचा तुकडा मधल्या डोळ्यासह उतरवायचा, चिरेत वरून खाली सरकवायचा आणि डोळा तेवढा उघडा ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीने गुंडाळून बांधायचे. हे सगळे मी सांगते आहे त्याहून कमी वेळात होई. कापलेला भाग हवेवर वाळू द्यायचा नाही, म्हणून ती घाई. आणि घाईतही पट्टीचा एकही वेढा सैल जायचा नाही. दोन-तीन आठवड्यांनी पट्टी सोडली की डोळा हिरवागार असला म्हणजे कलम साधले, काळा पडला म्हणजे गेले.

एका दुपारी मी त्यांना मला शिकवाल का म्हणून विचारले. त्यांनी चाकू दिला नाही; कापून टाकलेल्या फांद्यांचा भारा पुढे केला आणि अहिराणीत म्हणाले, “पोरी, पहिले डोया वयख, मंग चाकू धर.” म्हणजे आधी डोळा ओळखायला शीक, मग चाकू हाती घे. पुढचे कित्येक दिवस मी फक्त काड्या निवडत होते. फार कोवळी, त्रिकोणी काडी चालत नाही. फार जुनी, साल खरखरीत झालेलीही चालत नाही. गोलसर, भरलेली, डोळे फुगलेले पण न फुटलेले अशी हवी; आणि ती कुठल्या झाडाची आहे हे ठाऊक असायला हवे. ते झाड दरवर्षी फळ धरते का, फळाची साल कशी आहे, झाडाला डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, आहे का, हे बघितल्याशिवाय तात्या काडी घेत नसत. हिशेबाच्या कामात मी कधीही चुकले नव्हते आणि त्या कामाचा मला कधी आनंदही झाला नव्हता. या काड्या निवडताना मात्र संध्याकाळ कधी होई ते कळत नसे. आपल्याला कशात रस आहे, हे माणसाला असेच कळते असे मला वाटते. ते समुपदेशनाच्या तक्त्यावर किंवा गुणपत्रिकेवर दिसत नाही, ते कामाला हात लागल्यावरच कळते. आणि आपल्या शाळा-महाविद्यालयांतल्या बहुतेक मुलांचा हात वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत एकाही रोपाला लागलेला नसतो. केळीच्या बागेतून वाट काढत कॉलेजला जाणारी मुलेही याला अपवाद नाहीत.

आवड लागली तरी तेवढ्यावर पोट भरत नाही, त्यासाठी शास्त्र शिकावे लागते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे उद्यानविद्येचे अभ्यासक्रम आहेत. काम सोडता येत नसलेल्या माझ्यासारखीला त्यांचा मोठा आधार झाला. तात्या जे नजरेने करत, त्यामागची कारणे मला तिथे कळली. जंबेरीची एक बी पेरली की बहुधा एकाहून अधिक अंकुर येतात. त्यांतले बरेचसे मातृवृक्षाच्या पेशींपासून वाढलेले, म्हणून आईशी हुबेहूब असतात; एखादे मात्र परागीभवनातून आलेले आणि गुणांनी वेगळे असते. वाफ्यातून फार खुजी, फार उंच किंवा पानाने वेगळी दिसणारी रोपे तात्या निर्दयपणे उपटून का टाकत, ते या एका धड्यात उलगडले. लिंबूवर्गीय फळांचे बी वाळवून डब्यात ठेवले तर उगवणशक्ती झपाट्याने घटते, म्हणून ते फळातून काढून, धुऊन, सावलीत सुकवून लगेच पेरायचे. डोळा जमिनीपासून वीतभर उंच भरायचा, कारण डिंक्या आणि मूळकूज आणणारी फायटोप्थोरा बुरशी ओल्या मातीत असते. मोसंबीचे अंग तिला लवकर बळी पडते, खुंट त्या मानाने टिकतो. आमच्या तापी-गिरणाकाठच्या काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत हा फरक झाडाच्या आयुष्याचा असतो. तरीही लागवड करताना कलमाचा सांधा मातीत गाडला गेलेल्या बागा आजही दिसतात, आणि त्या पाहिल्या की रोप विकणाऱ्याने शेतकऱ्याला दोन शब्द नीट सांगायला हवे होते असे वाटल्यावाचून राहत नाही.

या व्यवसायाचे गांभीर्य इथेच आहे. बाजरी किंवा मका चुकीच्या बियाण्याचा निघाला तर एक हंगाम वाया जातो. मोसंबीचे, आंब्याचे किंवा सीताफळाचे रोप चुकीचे निघाले तर ते कळायलाच चार-पाच वर्षे लागतात, आणि तोवर शेतकऱ्याने पाणी, खत, मजुरी, राखण आणि आयुष्यातली तेवढी वर्षे त्या झाडाला दिलेली असतात. रोप विकत घेताना तो पानांचा हिरवेपणा पाहतो; खुंट कुठला आणि डोळा कुठल्या झाडाचा, हे पानांवरून कळण्याचा काहीही मार्ग नाही. म्हणूनच आपल्या राज्यात १९६९ साली फळरोपवाटिकांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि परवाना घेणे, खुंट आणि कलमकाडी कुठून आणली याची नोंद ठेवणे बंधनकारक झाले. तरीही पावसाळा लागला की रस्त्याच्या कडेला, बाजाराच्या गावी, टेंपोतून आलेली बिननावाची रोपे सर्रास विकली जातात. स्वस्त मिळतात म्हणून ती खपतात. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याच्या जवळपास भरवशाची, नोंदी दाखवणारी रोपवाटिका असेल तर तो तिथेच जाईल, हा माझा अनुभव आहे. अशा रोपवाटिका तालुक्यातालुक्यांत व्हायच्या तर त्या चालवणारी शिकलेली मुले-मुली लागतील.

केळीच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी निकडीचा आहे. गेल्या काही वर्षांत रावेर, यावल, मुक्ताईनगरकडे सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू, आला आणि अनेकांना कोवळ्या बागा उपटून टाकाव्या लागल्या. हा विषाणू मावा पसरवतो, आजारी मातृरोपापासून केलेल्या रोपांतूनही तो येऊ शकतो आणि एकदा झाडात शिरला की त्याच्यावर औषध नाही. उपाय आहेत ते आधीचे: मातृरोपांची विषाणू तपासणी, शेडनेटला मावा शिरणार नाही अशी बारीक जाळी, रोपांच्या जवळपास काकडीवर्गीय वेली न ठेवणे, पिवळ्या रेषा दिसणारे रोप संकोच न करता बाहेर काढून नष्ट करणे. यांतले प्रत्येक काम रोपवाटिकेत व्हायचे आहे आणि ते करणाऱ्याला विषाणूही समजला पाहिजे व रोपही समजले पाहिजे. एवढ्या मोठ्या केळीपट्ट्यात अशी नजर तयार असलेले किती तरुण आपण घडवले, हा प्रश्न कृषी शिक्षणाशी संबंधित सर्वांनी स्वतःला विचारावा असे मी नम्रपणे सुचवते.

व्यवसाय म्हणून यात काय मिळते, हेही लपवून ठेवू नये. मी रोपवाटिका सुरू केली ती भाड्याने घेतलेल्या जमिनीवर. विहीर, कुंपण, शेडनेट आणि मातृवृक्ष एवढी तयारी आधी करावी लागते, आणि मातृवृक्ष वाढायला जो वेळ घेतात तो पैशाने विकत घेता येत नाही. विक्री मुख्यत्वे जून ते ऑगस्टमध्ये होते. मजुरी, पाणी आणि पिशव्यांचा खर्च मात्र बाराही महिने असतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा पिशवीतल्या रोपाला सकाळ-संध्याकाळ पाणी देऊनही सावली अपुरी पडली तर शेंडा करपतो. पाऊस लांबला तर शेतकरी लागवड पुढे ढकलतो आणि रोपे पिशवीतच थोराड होतात. पहिली दोन-तीन वर्षे घरचा आधार नसेल तर कठीण जाते, हे या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्याला स्पष्ट सांगितलेच पाहिजे. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की ज्याचे रोप खात्रीचे निघते, त्याच्याकडे गिऱ्हाईक आपण होऊन येते. पुढल्या पावसाळ्याच्या रोपांची नोंदणी आदल्या दिवाळीपासून होऊ लागते. आज माझ्या घराचा खर्च, मुलीचे शिक्षण आणि कायम कामावर असलेल्या बायकांचे पगार या व्यवसायातून निघतात. शहरात नोकरी केली असती तर याहून फार वेगळे काही हाती आले असते असे मला वाटत नाही, आणि कामाचे हे समाधान तर नक्कीच आले नसते.

रोपवाटिकांतल्या बायकांविषयी थोडे लिहायलाच हवे. पिशव्या भरणे, बी टोकणे, तण काढणे, खुंटावरची फूट मोडणे ही कामे आमच्या भागात बहुतेक बायकाच करतात आणि त्यांना रोजाने मजुरी मिळते. कलम बांधण्याचे काम सहसा पुरुषांकडे असते आणि त्याचे पैसे नगावर मिळतात. चांगला हात असलेला माणूस हंगामात त्यातून मजुरीच्या कितीतरी पट कमावतो. दोन्ही कामे एकाच वाफ्यात, एकाच वेळी चालतात. बायकांना डोळा भरायला शिकवले तर त्या उत्तम करतात, हे मी स्वतः शिकवून पाहिले आहे: हात हलका असतो, पट्टी घट्ट बसते आणि साधलेल्या कलमांचे प्रमाण कुणाहून कमी नसते. त्यांना आजवर शिकवले गेले नाही, एवढेच काय ते खरे कारण आहे. आणि शिकवणारे तात्यांसारखे लोक थकत चालले आहेत. त्यांच्याजवळ कुठलेही प्रमाणपत्र नाही, त्यांची मुले या कामात आलेली नाहीत, आणि त्यांच्या हातातले ज्ञान टिपून घेण्याची कुठलीही सोय आपण केलेली नाही.

कृषी आणि उद्यानविद्येची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांकडे यावे तर त्यांच्या बुद्धीविषयी मला शंका नाही. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात ते वनस्पतींची शरीररचना, रोगशास्त्र, कीटकशास्त्र, मृदाशास्त्र असे बरेच काही शिकतात. परंतु त्यांतल्या फार मोठ्या संख्येचे लक्ष तिसऱ्या वर्षापासूनच स्पर्धा परीक्षेकडे लागते, कारण घरच्यांना आणि समाजाला खुर्चीतली नोकरी म्हणजेच पदवीचे सार्थक वाटते. लग्नाच्या बाजारात रोपवाटिका चालवणाऱ्या पदवीधर मुलाला जे प्रश्न विचारले जातात, ते ऐकले की या मुलांना नावे ठेवावीशी वाटत नाहीत. जागा थोड्या आणि उमेदवार अफाट, अशा परीक्षांत उमेदीची वर्षे घालवून ही मुले तिशीच्या उंबरठ्यावर गावी परततात, तेव्हा हातातले शास्त्र बरेचसे विसरलेले असते. त्यांच्यातल्या दहांपैकी एकाने जरी पदवीनंतर लगेच एखाद्या रोपवाटिकेत, पॅकहाउसमध्ये किंवा ऊतिसंवर्धन प्रयोगशाळेत दोन हंगाम काढले, तरी खान्देशच्या फळशेतीला त्याचा उपयोग कैक वर्षे होईल.

यासाठी शासनाने काही केलेच नाही असे मी म्हणणार नाही. २०२० मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना आली. भाजीपाल्याच्या रोपांसाठी शेडनेट, ट्रे वगैरेंकरिता तीत अनुदान आहे आणि महिलांना व कृषी पदवीधरांना प्राधान्यही आहे. हेतू अतिशय चांगला आहे. परंतु अर्जदाराच्या मालकीची किमान ०.४० हेक्टर जमीन असावी, ही अट या योजनेत ठेवली गेली. रोपवाटिकेला प्रत्यक्षात दहा-वीस गुंठे पुरतात, आणि तेवढी जागा गावोगावी भाड्याने मिळते. जमीन नसलेल्या पण हातात कसब असलेल्या मुला-मुलींसाठी हीच वाट सर्वांत जवळची असताना ती सातबाऱ्यापाशी अडावी, हे योग्य नाही. नोंदणीकृत दीर्घ मुदतीचा भाडेकरार मालकीच्या जागी ग्राह्य धरावा, अशी मागणी तिन्ही जिल्ह्यांच्या लोकप्रतिनिधींनी लावून धरली तर फार खर्च न करता मोठे काम होईल.

दुसरी मागणी याहूनही सोपी आहे. कृषी विभागाच्या फळरोपवाटिका आहेत, विद्यापीठाच्या प्रक्षेत्रांवर जातिवंत मातृवृक्ष आहेत, आणि जवळपासच्या गावांत जुने कलम बांधणारे आहेत. या तिघांना हंगामात एकत्र आणून इच्छुक मुला-मुलींना प्रत्यक्ष कलमांचे शिक्षण द्यावे, त्या जुन्या माणसांना शिक्षक म्हणून मानधन द्यावे, आणि ठरावीक संख्येने कलमे यशस्वीपणे बांधून दाखवणाऱ्याला प्रमाणपत्र द्यावे. परीक्षा कागदावर घेऊ नये. बांधलेल्या कलमांपैकी किती जगली, तेच गुण. सातपुड्यातल्या मुलांसाठी तर याचे महत्त्व अधिक आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात आमचुराचे आंबे आणि सीताफळे रानोमाळ आहेत, डाब परिसरात स्ट्रॉबेरीही घेतली जाऊ लागली आहे. तिथल्या मुलांना झाडांची जी उपजत ओळख असते, ती मी मैदानी भागातल्या पदवीधरांतही पाहिलेली नाही. रानातल्या उत्तम आंब्याची काडी ओळखून तिची कलमे करणारा तरुण त्या गावातच उभा राहिला, तर ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला जाणाऱ्या काही घरांना तरी गावात राहण्याचे कारण मिळेल.

हे शिक्षण शैक्षणिक वर्षाच्या वेळापत्रकात बसवण्याचा आग्रह मात्र धरू नये, कारण झाड आपल्या वेळेलाच कलम घेते. आंब्याची शेंडा कलमे आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत चांगली साधतात. मोसंबीचे डोळे थंडीत भरायचे असतात. सीताफळाची कलमे डिसेंबर ते फेब्रुवारीत, पानगळ होऊन नवी फूट निघण्याच्या आधी बांधावी लागतात. उन्हाळी सुट्टीत शिबिर भरवले तर मुलांना चाकू धरता येईल, पण एकही कलम जगणार नाही आणि ती निराश होऊन घरी जातील.

आपल्याकडे माझी विनंती एवढीच आहे की येत्या करिअर पुरवणीत एक पान या क्षेत्राला द्यावे. उद्यानविद्येची पदवी, कृषी तंत्रनिकेतनांची पदविका, मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम, कृषी विज्ञान केंद्रांची अल्पमुदतीची प्रशिक्षणे, रोपवाटिकेचा परवाना कुठे आणि कसा मिळतो, यांची माहिती प्रवेशाच्या तारखांसह एकत्र छापली तर ती कात्रणे घरोघरी जपून ठेवली जातील. त्या पानावर एखाद्या अधिकाऱ्याच्या मुलाखतीबरोबर एखाद्या कलम बांधणाऱ्याची आणि पॅकहाउसमध्ये काम करणाऱ्या एखाद्या मुलीचीही मुलाखत असावी. आमच्या रोपवाटिकेत येत्या थंडीत डोळे भरण्याचे काम चालू असताना शिकू इच्छिणाऱ्या मुला-मुलींनी जरूर यावे. शुल्क नाही, दुपारची भाकरी तेवढी सोबत आणावी. तालुक्यातल्या इतर परवानाधारक रोपवाटिकांनाही मी हीच विनंती केली आहे आणि त्यांतल्या काहींनी होकार दिला आहे.

आपली नम्र,
एक फळरोपवाटिकाधारक
ता. भडगाव, जि. जळगाव